छपरावरच्या राउटरचा मालक कोण?

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांच्या आत हवी, यंत्र निदान २० वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. गरिबाचे साधन किती स्वस्त, हे ठरवताना खरेदीनंतरची सगळी वर्षे या अटींनी हिशेबात धरली होती. सामुदायिक मेश जाळ्यासाठी राउटर आणि छोटे संगणक निवडणाऱ्यांनी हाच हिशेब मांडायला हवा, आणि इथे त्यात मालकीचा प्रश्नही मिसळलेला आहे. अशा जाळ्यात प्रत्येक घराचा राउटर शेजाऱ्यांचेही संदेश पुढे नेतो. युरोपातल्या अशा गटांनी मान्य केलेल्या पिकोपीअरिंग करारात इतरांची वाहतूक विनामूल्य आणि ढवळाढवळ न करता जाऊ द्यावी असे आहे. सेवेची हमी मात्र कोणी कोणाला देत नाही. हमी नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे होत नाही. माझ्या छपरावरचे यंत्र बंद पडले की मागच्या गल्लीचा रस्ता तुटू शकतो. ‘माझे पैसे, माझे नुकसान’ हा सोयीचा युक्तिवाद तिथेच संपतो.

म्हणून न्याय्य साधन कोणते, तर वापरणाऱ्यांना उघडता, सुधारता आणि बदलता येईल ते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा २००२च्या अखेरीस आलेला साधा घरगुती राउटर. त्यात लिनक्स होते, आणि लिनक्सच्या परवान्यामुळे कंपनीला पुढच्या वर्षी त्याची आज्ञावली खुली करावी लागली. त्यातूनच राउटरसाठीची ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली उभी राहिली आणि बर्लिनच्या फ्रायफुंक या सामुदायिक जाळ्यापासून धरमशालेच्या डोंगरातल्या जाळ्यापर्यंत हा राउटर छपरांवर चढला. पण खुलेपणाही पुरत नाही, हे टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनने दाखवले. स्वस्त म्हणून तो फ्रायफुंकमध्ये लाडका झाला. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत साठवण फक्त ४ एमबी आणि स्मृती ३२ एमबी. ओपनडब्ल्यूआरटी वाढत गेली आणि १९.०७ नंतरच्या आवृत्त्यांनी इतक्या तोकड्या यंत्रांची साथ सोडली. अँटेना ठणठणीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद! खरेदीच्या दिवशी वाचलेले पैसे याच साठवणीतून कापलेले होते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाबद्दल थोडक्यात एवढेच, की वस्तीतले ऑफलाइन ग्रंथालय चालवायला तो छान आहे; छपरावर त्याची छोटी अँटेना आणि वीज गेल्यावर बिघडणारे एसडी कार्ड तापच देतात.

यावर पहिला आक्षेप रास्तच येईल, की टिकाऊपणाची ही चैन परवडते कोणाला? अर्जेंटिनातल्या आल्टरमुंडी या संस्थेने मेशसाठीच घडवलेला लिब्रेराउटर साध्या घरगुती राउटरपेक्षा महाग आहे. पण प्रत्येक घरी तोच हवा असे नाही. ज्या यंत्रातून चाळीस घरांची वाहतूक जाते त्याचा खर्च वर्गणीतून व्हावा. टोकाच्या घराला ओपनडब्ल्यूआरटी चालणारा जुना राउटर पुरतो. दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. चिप परदेशी कारखान्यातली, अनेक वायफाय चिपांमधली आज्ञावली बंदिस्त, मग हे कसले स्वराज्य? १९२४मध्ये गांधींपुढे असाच पेच आला होता. यंत्रांवर टीका करतानाही शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले आणि ते बनवायला कारखाने लागतील हेही कबूल केले. स्वावलंबन संपूर्ण नसले तर व्यर्थ, हा हट्ट त्यांच्या विचारात बसत नाही. आपल्याही बसू नये. कारखाना आपला नसला तरी बिघाड दुरुस्त करणे आपल्या हाती असणे, हा फरक मोठा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. लोकांना फोन चालायला हवा आहे, राउटर उघडायचा नाही. मान्य. पण मग ते काम वस्तीतल्या एका जाणकारावर पडते, आणि तो या जाळ्याचा नवा भटजी होतो: पासवर्ड त्याच्याकडे, बिघाडाचे निदान त्याच्याकडे, मर्जीही त्याचीच. कंपनीच्या मालकीपेक्षा हे फार बरे नाही. म्हणून निवड करताना मी वेगापेक्षा एकसारखेपणाला वरचे स्थान देईन. वस्तीभर शक्यतो एकच मॉडेल असावे, म्हणजे ते अनेकांना शिकता येईल; त्याचे दोन-तीन जादा नग वर्गणीतून घेऊन ठेवावेत, पासवर्ड आणि मराठीत लिहिलेली कृती निदान चौघांच्या हाती असावी, आणि त्या चौघांत शाळेत जाणारी मुलगीही असावी.