ठेवणे आणि जपणे

वापराने वस्तू झिजते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. वहाणांचे तळ झिजतात, कोयत्याची धार बोथट होते. परंतु न वापरल्यानेही वस्तू बिघडते, हे तितके सहज ध्यानात येत नाही. एखादी गोष्ट बाजूला ठेवली की ती सुरक्षित राहिली, अशी आपली भाबडी समजूत असते. दीर्घकाळ उभी राहिलेली मोटारगाडी ही समजूत पार खोटी ठरवते.

आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये अशा गाड्या ठिकठिकाणी दिसतात. घरचा कर्ता मुलगा आखाती देशात किंवा जहाजावर नोकरीला जातो आणि त्याची गाडी आंब्याच्या सावलीत सहा-आठ महिने उभी राहते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा तर देशभर असंख्य गाड्यांवर ही पाळी आली. काही महिन्यांनी किल्ली फिरवावी आणि गाडीने हुंकारही देऊ नये, हा अनुभव त्या वर्षी पुष्कळांनी घेतला.

असे का व्हावे? गाडी बंद असली, तरी तिच्यातील घड्याळ, भोंग्याची यंत्रणा आणि संगणक बॅटरीतून थोडी थोडी वीज घेतच असतात. बॅटरी पुरती उतरून तशीच राहिली, तर आतील शिशाच्या पट्ट्यांवर क्षाराचे कठीण थर बसतात आणि पुढे ती नीट भारली जात नाही. महिनोन् महिने एकाच जागी भार सोसून टायर तळाशी चपटतात. जळलेल्या इंधनाची आम्ले आणि ओलावा जुन्या ऑइलमध्ये मुरलेला असतो. तो इंजिनाच्या अंतर्भागाला खात राहतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. त्यात आपल्याकडचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. उंदीर तर बॉनेटखालच्या उबेत घर करतात व वायरी कुरतडतात. उभी गाडी विश्रांती घेत असते, हा केवळ आपला भास.

म्हणून गाडी ठेवण्यापूर्वी तिची तयारी करावी लागते. ती धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करावी. आत खाण्याचा कणही राहू देऊ नये. ऑइल बदलावे. टाकी भरून ठेवावी, म्हणजे आतील रिकाम्या जागेत दमट हवा साचत नाही. टायरमध्ये हवा थोडी अधिक भरावी. बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडवावी आणि बॅटरी अधूनमधून चार्ज करण्याची व्यवस्था लावावी.

या तयारीत दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. गाडी जागची हलू नये, म्हणून आपण हँडब्रेक घट्ट ओढतो. पण महिनोन् महिने ओढलेला ब्रेक गंजून चाकाला चिकटून बसतो. त्यापेक्षा गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावणे बरे. पाऊस लागू नये, म्हणून आपण तिला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळतो. पण आतली वाफ आतच कोंडून पत्र्याला गंज चढतो. तिला हवा खेळती ठेवणारे आच्छादन हवे. दोन्ही ठिकाणी आपला हेतू चांगलाच असतो. तरीही हानी होते, कारण त्या वस्तूचा स्वभाव काय, हे आपण विचारलेलेच नसते. सद्हेतू ही काळजीची सुरुवात आहे. ज्ञानावाचून ती पुरी होत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न पुढे उभा राहतो. परदेशी गेलेला मुलगा धाकट्या भावाला सांगतो, “आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी सुरू कर.” भाऊ ते इमानाने करतो. परंतु गाडी सुरू करताना बॅटरीतून जी वीज खर्ची पडते, ती उभ्या गाडीचे इंजिन पाच मिनिटांत बहुधा भरून काढू शकत नाही. इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी साचते. ती गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवली, तरच तिला लाभ. पाच मिनिटांच्या त्या घरघरीने गाडीचे भले होत नाही. दूर असलेल्याच्या मनाला मात्र ‘आपण काळजी घेत आहोत’ असे समाधान लाभते. मग ही काळजी नेमकी कोणाची?

आणि गाडी ठेवावीच का, हा प्रश्नही उरतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. चाक फिरो वा न फिरो, मुदत सरतच असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खासगी मालकीचे समर्थन करताना एक मार्मिक कारण दिले : माणूस सर्वांच्या वस्तूपेक्षा स्वतःच्या वस्तूची काळजी अधिक घेतो. त्याच ठिकाणी ते असेही सांगतात, की उपयोगाच्या बाबतीत मात्र वस्तू केवळ आपलीच मानू नये; दुसऱ्याच्या गरजेला ती सहज देता यावी. याचा अर्थ असा, की काळजी हाच मालकीचा एक आधार आहे. जो जपतही नाही आणि वापरूही देत नाही, त्याच्या मालकीपाशी कागदाखेरीज काय उरले?

तेव्हा मार्ग दोनच. एक तर विमा आणि कागदपत्रे चालू ठेवून गाडी जबाबदार आप्ताच्या हाती द्यावी. शेजारच्या आजीला रात्री-अपरात्री इस्पितळात न्यायला ती उपयोगी पडेल. एखादा ओरखडा उठेल, तो सोसावा. नाहीतर तिला यथायोग्य जपावे आणि काय काय केले, ते लिहून ती चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी. उंदीर शिरू नयेत, म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला असेल, बॅटरीची तार सोडवली असेल, ब्रेक मोकळा असेल, तर पुढे गाडी काढणाऱ्याला ते कळायलाच हवे. तो माणूस आपणच असू, असे कोणी सांगावे?

माणसाची तुलना यंत्राशी करणे आम्हांस मान्य नाही. तथापि ज्या वाडीत ती गाडी उभी असते, तिथेच पुष्कळदा वृद्ध आईवडीलही मागे राहिलेले असतात. गाडी वर्षभर न हलता राहू शकते. ते राहू शकत नाहीत. रविवारच्या पाच मिनिटांच्या फोनने त्यांना ऊब मिळते की केवळ आपल्या मनाला, हे ज्याचे त्याने ताडून पाहावे. त्यांची औषधे कोणती, रात्री हाक मारली तर धावून येणारा कोण, त्यांना हवे तरी काय, हे निघण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसून विचारले आहे काय? गाडीच्या तयारीला आपण अर्धा दिवस देतो. या विचारपूसीला त्याहून अधिक वेळ द्यावा, एवढीच आमची विनंती.