क्वेबेकची संमती

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची राज्यघटना वाचायची ठरवली, तर एक पुस्तक पुरत नाही. लेफ्टनंट गव्हर्नरचे पद आणि विधिमंडळाची मूळ रचना १८६७ साली ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यात सापडते. नागरिकांचे हक्क प्रांताने १९७५ मध्ये स्वतः मंजूर केलेल्या हक्कांच्या सनदेत आहेत, तर फ्रेंच भाषेचे स्थान १९७७ च्या भाषाविषयक सनदेत. सरकारने विधिमंडळाचा विश्वास गमावला की त्याने पायउतार व्हायचे, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम मुख्यतः प्रथेने पाळला जात आला. आणि या सगळ्याच्या वर १९८२ चा कॅनडाचा घटना-कायदा आहे, ज्याला क्वेबेकच्या एकाही सरकारने आजवर मान्यता दिलेली नाही. तरीही तो तिथे पूर्णपणे लागू आहे. तिथली न्यायालये त्याच्या आधारे रोज निकाल देतात, आणि प्रांताचे सरकारही गरज पडेल तेव्हा त्यातलीच कलमे वापरते.

ज्या कायद्याला आपण हो म्हटलेले नाही, तो आपल्यावर का चालावा? हा प्रश्न क्वेबेक चाळीसहून अधिक वर्षे विचारत आहे. तो योग्य आहे असे मला वाटते. पण जो हा प्रश्न बाहेरच्यांना विचारतो, त्याला तो घरातल्यांकडूनही ऐकून घ्यावा लागतो, आणि तिथे क्वेबेकचे उत्तर कमी पडते.

या प्रांतात संमतीचा विषय इतका खोल का गेला, ते इतिहासावरून समजते. १७६३ मध्ये हा मुलूख फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेला. अकरा वर्षांनी, १७७४ च्या क्वेबेक कायद्याने, ब्रिटिशांनी तिथल्या लोकांना कॅथलिक धर्म पाळण्याची मोकळीक दिली, आणि मालमत्ता व नागरी व्यवहारांपुरता जुना फ्रेंच कायदा परत आणला. तो आजही संहितेच्या रूपाने टिकून आहे. पण १८३७-३८ चे उठाव मोडून काढल्यावर ब्रिटनने पाठवलेल्या लॉर्ड डरहॅमने फ्रेंच भाषकांना इंग्रजी समाजात विरघळवून टाकण्याची शिफारस केली. त्यामागोमाग फ्रेंचबहुल आणि इंग्रजीबहुल अशा दोन वसाहती एका विधिमंडळाखाली जोडल्या गेल्या. त्या वेळी फ्रेंच भाषकांना कोणी विचारले नाही. १८६७ मध्ये संघराज्य झाले आणि क्वेबेकला स्वतःचे विधिमंडळ परत मिळाले, तेव्हा तिथल्या अनेकांना तो भरपाईचा करार वाटला, त्यामागे ही आठवण होती.

या संघराज्याचे एक शिल्पकार जॉन मॅकडोनाल्ड यांना बलवान केंद्र हवे होते. क्वेबेकचे नेते जॉर्ज-एतिएन कार्तिए प्रांतांच्या अधिकारांवर अडून बसले. कायद्यात दोघांच्याही खुणा आहेत. शेषाधिकार केंद्राकडे गेले, आणि प्रांताने केलेला कायदा नामंजूर करण्याचा अधिकारही केंद्राला मिळाला. तो अखेरचा वापरला गेला १९४३ मध्ये. दुसरीकडे मालमत्ता आणि नागरी हक्क, शाळा, रुग्णालये, नगरपालिका हे विषय प्रांतांकडे आले. मग लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अखेरच्या अपील न्यायालयाने, एकामागून एक निकालांत प्रांतांची बाजू उचलून धरली. प्रांत म्हणजे केंद्राच्या हाताखालचे खाते नव्हे, आपल्या विषयांपुरता तोही केंद्राइतकाच सर्वाधिकारी आहे, ही भूमिका १८९२ पर्यंत पक्की झाली होती.

आणखी एक तरतूद होती. कलम ९२ मधल्या पहिल्याच पोटकलमाने प्रांताला स्वतःची घटना बदलण्याचा अधिकार दिला होता. अट एकच, लेफ्टनंट गव्हर्नरच्या पदाला हात लावायचा नाही. या अधिकाराच्या जोरावर क्वेबेकने १९६८ मध्ये आपले वरिष्ठ सभागृह प्रांताच्याच एका कायद्याने बरखास्त केले आणि उरलेल्या सभागृहाला राष्ट्रीय सभा असे नाव दिले. मराठी वाचकाला यातला फरक लगेच जाणवेल. महाराष्ट्राची विधान परिषद बंद करायची असे उद्या मुंबईत ठरले, तर अनुच्छेद १६९ प्रमाणे विधानसभेला ठराव करून दिल्लीकडे पाठवावा लागेल, आणि कायदा संसदच करेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हे स्पष्ट सांगितले होते. अमेरिकेतली राज्ये आपापली घटना करायला मोकळी आहेत, भारतात मात्र संघ आणि राज्ये यांची घटना एकाच चौकटीत आहे, आणि त्या चौकटीबाहेर दोघांनाही जाता येणार नाही. जम्मू-काश्मीर सोडले तर आपल्याकडे एकाही राज्याला स्वतःची घटना नव्हती, आणि आता तीही उरलेली नाही. त्याच भाषणात ते म्हणाले की भारताचा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही. फाळणीला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, हे लक्षात घेतले की त्या वाक्यामागची निकड कळते. कॅनडाने तोच प्रश्न पुढे पन्नास वर्षांनी वेगळ्या पद्धतीने सोडवला.

प्रांताचा हा अधिकार अमर्याद नव्हता. १९७७ च्या भाषा-सनदेने विधिमंडळात आणि न्यायालयांत फ्रेंचला एकमेव अधिकृत स्थान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये तो भाग रद्द केला. क्वेबेकचे कायदे दोन्ही भाषांत व्हावेत, ही १८६७ ची अट संघराज्य जुळण्याच्या तडजोडीचाच भाग होती. ती केवळ प्रांताची खासगी बाब नाही, असे न्यायालयाने म्हटले. जी गोष्ट दुसऱ्यांना दिलेल्या शब्दातून आली, ती एकट्याने मागे घेता येत नाही. हे तत्त्व मला या सगळ्या न्यायशास्त्राचा कणा वाटते.

म्हणूनच १९८१ मध्ये जे घडले ते इतके बोचते. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांना कॅनडाची घटना लंडनहून मायदेशी आणायची होती आणि तिच्यात हक्कांची सनद घालायची होती. आठ प्रांतांचा विरोध होता, त्यांत मुख्यमंत्री रने लेव्हेक यांचे क्वेबेक होते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरी उत्तर दिले. कायद्याने पाहिले तर केंद्र एकटे पुढे जाऊ शकते, पण घटनात्मक प्रथेप्रमाणे प्रांतांची भरीव संमती हवी. भरीव म्हणजे किती, हे न्यायालयाने सांगितले नाही. ४ नोव्हेंबरला वाटाघाटींमध्ये ट्रुडो यांनी सार्वमताचा पर्याय पुढे केला. लेव्हेक त्याला अनुकूल झाले आणि आठांची एकी तुटली. लेव्हेक यांची ही चाल चुकली, हे मान्य करायला हवे. पण त्या रात्री नदीपलीकडच्या हल शहरात ते झोपलेले असताना बाकीच्यांनी राजधानी ओटावात मसुदा जुळवला. सकाळी क्वेबेकच्या हाती तयार करार आला. १७ एप्रिल १९८२ रोजी राणीने घोषणापत्रावर सही केली. त्याच डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितले की क्वेबेकला नकाराधिकार प्रथेनेही कधी नव्हता.

यावर एक सबळ प्रतिवाद आहे. ट्रुडो स्वतः क्वेबेकचे, आणि १९८० च्या निवडणुकीत तिथल्या ७५ पैकी ७४ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या होत्या. त्यातल्या बहुतेक खासदारांनी बाजूने मत दिले. मग क्वेबेकच्या जनतेने संमती दिली नाही असे कसे म्हणायचे? मला हा प्रतिवाद पटत नाही. संघराज्यात नागरिक दोन नात्यांनी मत देतो, देशाचा म्हणून आणि प्रांताचा म्हणून. विधिमंडळाचे अधिकार कमी करायचे असतील, तर त्या विधिमंडळालाच विचारले पाहिजे. ते खासदारांना विचारून भागत नाही.

नंतर भरपाईचे प्रयत्न झाले. १९८७ चा मीच लेक करार क्वेबेकला वेगळा समाज म्हणून मान्यता देणार होता. तो १९९० मध्ये बारगळला, आणि त्यात मॅनिटोबा प्रांताच्या विधिमंडळातले ओजी-क्री आदिवासी आमदार एलायजा हार्पर यांचा वाटा मोठा होता. तिथे तो वेळेत चर्चेला घ्यायला एकमत लागत होते, आणि आदिवासींना न विचारता केलेल्या कराराला ते द्यायला हार्पर तयार नव्हते. क्वेबेक १९८१ मध्ये जे म्हणत होते, तेच हार्पर म्हणत होते. १९९२ चा शार्लटटाउन करार देशव्यापी सार्वमतात पडला.

३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक थोडक्यात कॅनडात राहिले. नाही म्हणणारे ५०.५८ टक्के, हो म्हणणारे ४९.४२, आणि मतदान ९३ टक्क्यांहून अधिक. त्यानंतर केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला विचारले, प्रांताला एकतर्फी बाहेर पडता येते का? २० ऑगस्ट १९९८ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने दिलेले मत मी अनेकदा वाचले आहे, आणि संघराज्याविषयी इतके विचारी लिखाण मला क्वचित दिसले. एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटींसाठी बसावेच लागेल, आणि ते घटनेने लादलेले कर्तव्य असेल. हे कर्तव्य कोणत्याही कलमात लिहिलेले नव्हते. न्यायालयाने ते चार अलिखित तत्त्वांतून काढले. संघराज्य, लोकशाही, कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांचा आदर ही ती तत्त्वे, आणि त्यातले एक दुसऱ्याला गिळू शकत नाही. लोकांनी कौल दिला म्हणून कायदा संपत नाही, आणि कायदा आहे म्हणून लोकांचा कौल कानाआड करता येत नाही. न्यायालयाने संमतीला बोलणी चालू ठेवण्याच्या बंधनात बदलले. १९८१ च्या रात्री हेच तर मोडले होते.

आता अलीकडच्या घडामोडींकडे येतो. १९८२ च्या कायद्यातल्या कलम ४५ ने प्रांताचा स्वतःची घटना बदलण्याचा जुना अधिकार टिकवला आहे, आणि त्यासाठी साधा कायदा पुरतो. २०२२ मध्ये क्वेबेकने त्याचा आधार घेऊन १८६७ च्या मूळ कायद्यातच दोन नवी कलमे घातली. क्वेबेकचे लोक एक राष्ट्र आहेत, आणि फ्रेंच ही क्वेबेकची एकमेव अधिकृत भाषा आहे. भाषा जपण्यामागची कळकळ मला समजते. इंग्रजीच्या समुद्रात एवढासा फ्रेंच समाज टिकून आहे, तो जागरूकतेमुळेच. पण त्याच कायद्याला आणि शिक्षकांसह काही सरकारी कर्मचाऱ्यांना कामावर धार्मिक चिन्हे वापरायला बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याला कलम ३३ चे कवच दिले गेले. हे कलम विधिमंडळाला मूलभूत हक्कांच्या काही तरतुदी पाच-पाच वर्षांसाठी बाजूला ठेवू देते. ते त्याच १९८२ च्या कायद्यातले आहे, जो क्वेबेकने स्वीकारलेला नाही. हिजाब घालणाऱ्या ज्या शिक्षिकेला नोकरीचा रस्ता बंद झाला, तिची संमती कोणी विचारली होती?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने क्वेबेकची एकसंध लिखित घटना विधेयकाच्या रूपाने सभागृहात मांडली. अशा घटनेची कल्पना मला आवडते. विखुरलेले कायदे एकत्र येणे, नागरिकाला ते वाचता येणे, ही चांगलीच गोष्ट आहे. आक्षेप पद्धतीला आहे. हे सरकार २०२२ मध्ये सुमारे ४१ टक्के मतांवर १२५ पैकी ९० जागा जिंकून आले होते. त्याने मसुदा आधी तयार केला, आणि चर्चा नंतर ठेवली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या काही संस्थांना त्या पैशातून ठरावीक कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यापासून रोखण्याची तरतूदही विधेयकात आहे. आदिवासी राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी आपल्याला विचारले नाही म्हणून विरोध केला.

क्वेबेकमध्ये अशी अकरा राष्ट्रे आहेत. १९९५ च्या सार्वमताच्या काही दिवस आधी क्री लोकांनी स्वतःचे सार्वमत घेतले, आणि ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी क्वेबेकबरोबर कॅनडातून बाहेर पडायला नकार दिला. त्याआधी १९७० च्या दशकात जेम्स बे भागात धरणांचे काम त्यांना न विचारता सुरू झाले. ते न्यायालयात गेले, नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांना मनाई हुकूम मिळाला, आणि आठवडाभरात वरच्या न्यायालयाने तो उठवला. तरी तेवढ्याने क्वेबेकला बोलणी करावी लागली. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी क्री, इन्युइट, क्वेबेक आणि कॅनडा यांनी करार केला. त्यातून मिळालेल्या हक्कांना १९८२ च्या कायद्याच्या कलम ३५ ने संरक्षण दिले. २००२ मध्ये क्री आणि क्वेबेक यांनी समोरासमोर बसून आणखी एक करार केला.

म्हणजे क्वेबेकला हे येते. नव्या घटनेच्या मसुद्यालाही तीच वाट हवी. अकरा राष्ट्रांबरोबर आधी बोलणी, विरोधी पक्षांना मसुद्यात वाटा, इंग्रजी भाषक आणि स्थलांतरितांसाठी स्वतंत्र सुनावण्या, आणि शेवटी सभागृहातल्या दोन तृतीयांश सदस्यांचा होकार. याला वर्षे लागतील, कदाचित एखादे सरकारही जाईल. ज्या प्रांताने १९८१ नंतर ओटावाकडून हीच मागणी केली, त्याला ती वर्षे स्वतःच्या लोकांसाठी देता आली पाहिजेत.