अंतःकरणाचा आरसा

उद्या काय घडेल, हे कोणालाही ठाऊक नसते. वैद्यकीय तपासणीत काय निघेल, व्यापार टिकेल की बुडेल, अशी काही ना काही चिंता प्रत्येक घरात असते. ती सोसवेनाशी झाली की काही जण फाल पाहणाऱ्याच्या दारी जातात. भविष्य दाखवणारा आरसा त्यांना हवा असतो. परंतु उद्या आपण काय कमावू आणि कोणत्या भूमीत मरू, हे कोणताही जीव जाणत नाही, असे सूरह लुकमानच्या अखेरीस स्पष्ट केले आहे.

मग अज्ञाताला सामोरे कसे जावे? सूरह अल्-हश्रच्या १८व्या आयतीत ईमानधारकांना आदेश आहे, तो उद्यासाठी आपण काय पुढे पाठवले आहे हे पाहण्याचा. म्हणजे दृष्टी भविष्याकडून स्वतःकडे वळवायची आहे.

इस्लामी विद्वानांनी अंतःकरणाला आरशाची उपमा दिली आहे. पूर्वी आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. निगा राखली नाही की त्यांवर गंज चढे आणि प्रतिमा दिसेनाशी होई. माणसांच्या कृत्यांमुळे अंतःकरणावर चढणाऱ्या अशाच गंजाचा उल्लेख सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये आहे. तो पुसण्याचा मार्ग म्हणजे तौबा.

गंज पुसल्यावर दिसणारे रूप नेहमीच सुखद नसते. इमाम गझाली (रह.) इ.स. १०९१ पासून बगदादच्या निजामिया मदरशात शिकवीत होते. त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली होती. परंतु आत्मपरीक्षण करताना त्यांना आढळले की, आपल्या अध्यापनामागे अल्लाहच्या प्रसन्नतेऐवजी मानमरातबाची ओढ आहे. सुमारे सहा महिने ते द्विधा मनःस्थितीत तळमळले. अखेर वाचा बंद झाली, शिकवणे अशक्य झाले. इ.स. १०९५ मध्ये कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून त्यांनी उरलेली संपत्ती वाटून टाकली आणि बगदाद सोडले. पुढचे आयुष्य कसे असेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. स्वतःचा दोष मात्र दिसला होता, आणि पाऊल उचलण्यास तेवढे पुरेसे ठरले.

आपल्या घरांतही हाच प्रश्न उभा राहतो. बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवलेला भाऊ शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री भयभीत होतो. आजार ही त्याला झालेली शिक्षाच आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसेच, हक्क परत केल्याने शस्त्रक्रिया यशस्वी होईलच, असेही नाही. परंतु परिणाम त्याच्या हाती नाही आणि बहिणीचा वाटा आहे. मृत्यूच्या भयात पुष्कळदा असा न चुकवलेला हिशेब दडलेला असतो.

हा हिशेब माणसाला एकट्याने दिसतोच, असे नाही. मन स्वतःची बाजू घेते. म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका ईमानधारकाला दुसऱ्याचा आरसा म्हटले आहे. आरसा डाग समोरच्यालाच दाखवतो, शेजाऱ्याला नव्हे. आहे त्याहून मोठाही करीत नाही. पत्नीने वा मुलाने हळुवारपणे चूक दाखवली, तर रागावणे म्हणजे चेहऱ्यावरच्या डागासाठी आरसा फोडणे होय.

उद्याचे ज्ञान अल्लाहकडे आहे. आजची दुरुस्ती आपल्याकडे. अल्लाह आपणा सर्वांना स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहण्याचे धैर्य देवो. आमीन.