चांद्याची राजनिष्ठा

१८५८ सालीं चांद्याच्या रानांत मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. अहेरीच्या राणी लक्ष्मीबाई यांनीं त्यांस धरून सरकारच्या हवालीं केलें. २१ ऑक्टोबर रोजीं चांद्यास बाबुरावांना फांशी झाली. त्यांचे साथी व्यंकटराव यांची जप्त झालेली अडपल्ली-घोटची जमीनदारी राणींस बक्षीस मिळाली. सरकारी भाषेंत एक बंडखोर, दुसरी राजनिष्ठ.

पण नागपूरचें राज्य खालसा होऊन तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं! चार वर्षांच्या धन्याशीं निष्ठा जडावी कशी? अमेरिकेंत १७७६ नंतरही इंग्लंडच्या राजाचा पक्ष न सोडणारे हजारों लोक घरेंदारें गमावून कॅनडांत गेले. त्यांच्या पक्षाविषयीं आम्हांस प्रेम नाहीं. तरी तिला निष्ठा म्हणण्यास आमची हरकत नाहीं.

राणींस केवळ लोभी ठरविणें मात्र उतावीळपणाचें होईल. बंड फसलें म्हणजे रयतेचीं गांवें भरडलीं जातात, हें त्यांनीं जाणलें नसेल असें नाहीं. परंतु त्यासाठीं बंडापासून अलिप्त राहणें पुरेसें नव्हतें काय? बक्षिसाची जमीनदारी पदरांत पडलेली पाहतां, या प्रश्नाचें उत्तर राणींच्या बाजूनें देणें आम्हांस अवघड जातें.