वारसा तालमीतला

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लिंड्सबोर्ग नावाचं चार हजारांहूनही कमी वस्तीचं गाव आहे. दुकानांपुढे मोठाले रंगीत घोडे, घरांच्या दारांवर त्याच घोड्याच्या लाकडी पाट्या. आपण स्वीडिश असल्याचा अभिमान गाव असा चारचौघांत मिरवतं.

पास्टर ओलोफ ओल्सन यांच्याबरोबर 1869 मध्ये इथे आलेले स्वीडिश लोक वेर्मलांड प्रांतातले. घोडा मात्र शेजारच्या दालार्ना प्रांताचा. गावची जुनी परंपरा म्हणजे 1882 पासून ईस्टरच्या सुमारास होणारं ‘मसाया’चं गायन. ते संगीत हॅन्डल या संगीतकाराचं. तो जन्माने जर्मन, नाव काढलं लंडनमध्ये. मग यात स्वीडिश काय? उत्तर तालमीच्या खोलीत सापडतं. हौशी गावकरी वर्षानुवर्षं एकत्र येऊन सूर जुळवतात, शाळकरी मुलं स्वीडिश लोकनृत्य शिकतात. वारसा रक्तातून आपोआप उतरत नाही. तो निवडावा लागतो आणि घोटवावा लागतो.

मराठी माणसाला याचा दाखला मॉरिशसमध्ये मिळतो. 1834 नंतर उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेल्या लाखो भारतीय मजुरांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. आज त्यांच्या वंशजांच्या घरात बहुधा क्रिओल बोलली जाते. तरीही गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते आणि उत्सवात झाकरी नाचली जाते. कोकणात गौरी-गणपतीत फेर धरून नाचतात त्या जाखडीचंच हे रूप. गाव सुटलं, पण ठेका सुटला नाही, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी मुलांना रिंगणात उभं करून पावलं शिकवली.

पुण्यालगतच्या मांजरी गावाची गोष्ट उलटी आहे. इथली माणसं कुठे गेली नाहीत. शहरच त्यांच्या अंगणात आलं. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. उसाच्या फडांच्या जागी गृहसंकुलं उभी राहत आहेत आणि त्यांत मराठवाड्यापासून उत्तर प्रदेशापर्यंतची बिऱ्हाडं येत आहेत. स्थलांतर जुन्या मांजरीकरांच्याही वाट्याला आलं आहे. फक्त त्यासाठी त्यांना बोटीत बसावं लागलं नाही.

अशा गावाने मिरवावं असं काय आहे? पुष्कळ आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथेच आहे. 1997 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच, आणि त्याने आपल्या वाणांना गावाचं नाव दिलं: मांजरी नवीन, मांजरी किशमिश, मांजरी मेडिका. मेडिकाचा मणी फोडला की आतला गरही लालभडक निघतो. हा वाण खास रसासाठी. त्याचे जन्मदाते दोन: दिल्लीत तयार झालेला पुसा नवरंग आणि कॅलिफोर्नियाचा फ्लेम सीडलेस. दोन्ही परगावचे, तरी त्यांच्या संकराला मांजरीचं म्हणताना कुणी अडखळत नाही.

ही ओळख आज बागायतदारांच्या चर्चासत्रांत ऐकू येते. गावच्या मुलांपर्यंत ती पोचायला हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची तोड सुरू असते. त्या दिवसांत मांजरीच्या शाळांनी मुलांना बागेत न्यावं, जुन्या शेतकऱ्याने त्यांना घड कसे तोडतात ते दाखवावं. गावच्या यात्रेत लेझीम असेल, तर सरावाला सोसायट्यांतल्या भाडेकरूंची मुलंही बोलवावीत. सुरुवात येत्या हंगामापासूनही करता येईल.