कर्मविपाक आणि रोगाची वाट

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे सुखाने गेल्यावर तोच रोग एखाद्या स्त्रीच्या मणक्यात, यकृतात किंवा मेंदूत पुन्हा प्रकट झाला, म्हणजे तिच्या मनात जो प्रश्न उठतो तो वैद्यकाइतकाच धर्माचाही असतो. हे माझ्याच वाट्याला का, असे ती विचारते, आणि समाचाराला आलेली मंडळी पूर्वसंचिताचे उत्तर तिच्या हाती ठेवून निघून जातात. हे उत्तर किती न्याय्य आहे याचा विचार आपल्या समाजाने आता शांतपणे केला पाहिजे.

या उत्तरामागची परंपरा जुनी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सोने चोरणाऱ्याची नखे किडतात, मद्यप्याचे दात काळे पडतात आणि ब्रह्मघ्नाला क्षय जडतो, असा पातकांचा व रोगांचा तक्ताच दिलेला आहे. विश्वात अंदाधुंदी नाही, प्रत्येक दुःखाला काही कारण असलेच पाहिजे, ही त्यामागची श्रद्धा मला आदरणीय वाटते. परंतु त्या तक्त्यात रोगाच्या रकान्यासमोर अपराधाचा रकाना ज्या सहजतेने मांडला गेला आहे, तिचा दाखला मात्र कोठेही मिळत नाही.

रोगाच्या संचाराला नियम आहे, हे अन्य मार्गाने सिद्ध झाले. लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी 1889 साली, स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा यकृतात रोग पोहोचल्याची उदाहरणे 241 आणि प्लीहेत पोहोचल्याची अवघी 17 निघाली. रक्त तर प्लीहेलाही मुबलक मिळते. मग हा भेद का? रोगाची पेशी हे बीज असून ते सर्वत्र वाहून नेले जात असले, तरी अनुकूल भूमीतच ते रुजते, असा सिद्धांत पॅजेट यांनी मांडला.

बीजांच्याही जाती असतात, हे पुढच्या शतकाने दाखविले. जी गाठ स्त्रीसंप्रेरकांच्या आधाराने वाढते तिचा ओढा विशेषतः हाडांकडे असतो, आणि कधी कधी दहा-पंधरा वर्षे निद्रिस्त राहून ती तेथे जागी होते. जिच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन अतिरिक्त प्रमाणात असते ती हाडांबरोबरच यकृत व मेंदू यांकडे अधिक वळते. आणि या दोहोंचीही खूण जिच्यात सापडत नाही ती ट्रिपल निगेटिव्ह गाठ फुफ्फुसे आणि मेंदू यांचा मार्ग अधिक धरते व उलटायची असल्यास बहुधा पहिल्या काही वर्षांतच उलटते. हे सारे कल आहेत, अटळ विधिलेख नव्हेत. हाडात शिरलेली पेशी हाड झिजविणाऱ्या पेशींना चेतविते, झिजणाऱ्या हाडातून तेथे साठलेली वाढीची द्रव्ये मोकळी होतात आणि त्यांवरच ती पोसते. नैयायिक ज्याला सहकारी कारण म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

या कार्यकारणपरंपरेत पुण्याची वा पापाची विचारपूस कोठेही होत नाही. श्रीरामकृष्ण परमहंस 1886 साली घशाच्या कर्करोगाने गेले आणि रमण महर्षींनी 1950 साली हातावरील सार्कोमाने देह ठेवला. ज्ञानी पुरुषाच्या देहालाही प्रारब्ध भोगावेच लागते, असा याचा उलगडा वेदान्ती करतात. तो मान्य केला तरी, जे प्रारब्ध महर्षीला सुटत नाही ते एखाद्या गृहिणीच्या अपराधाचा पुरावा म्हणून दाखल करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्मसिद्धीची कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करणे आणि चेष्टा यांच्यानंतर दैव पाचवे येते. पहिल्या चारांची चौकशी न करता पाचव्यावर सारा भार टाकणे हे गीतेलाही धरून नाही.

त्या चौकशीचे फळ प्रत्यक्ष आहे. हर-टूची खूण एके काळी अशुभ मानली जाई. तीच लक्ष्य करणारे ट्रास्टुझुमॅब 1998 साली अमेरिकेत मान्य झाले आणि अशा असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाढले. संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठीला टॅमॉक्सिफेनसारखी औषधे आवर घालतात, हाडांची झीज रोखणारी औषधेही आहेत. अनेक स्त्रियांमधून हीच का, याचे संपूर्ण उत्तर मात्र शास्त्रापाशी नाही. काही जणींत आनुवंशिक दोष सापडतो, पुष्कळ जणींत सापडत नाही. त्या रिकाम्या जागेत पातकाचे नाव लिहिण्यापेक्षा ती रिकामी ठेवणे हेच सत्यनिष्ठेचे लक्षण होय.

म्हणून आजारी स्त्रीच्या आप्तांना माझी विनंती आहे. तिची गाठ कोणत्या प्रकारची आहे हे डॉक्टरांना विचारून तो कागद जपून ठेवा. उपचार संपून वर्षे लोटली असली तरी तिची पाठ सतत दुखू लागली, धाप लागू लागली किंवा डोकेदुखी हटेना, तर ती दुखणी वयावर न ढकलता तिला तपासणीस न्या. आणि पूर्वजन्माचा विषय तिच्यासमोर कदापि काढू नका.