उपद्रव कोणी कोणाला द्यावा

एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या बंगळूर शहराच्या जुन्या कोटाजवळ 1892 साली चामराजेंद्र वडियारांच्या नावाने जी पेठ वसली, तिच्या आखीव रस्त्यांवरील थोड्या मराठी घरांपैकी एकात माझ्या मावसबहीण अक्का एकट्या राहतात. परिचारिकेच्या नोकरीत त्यांचे सारे आयुष्य गेले. मध्यंतरी त्यांच्या मुलीने मेलबर्नहून त्यांना एक घड्याळ पाठविले. ते मनगटावर हिरवा प्रकाश टाकून, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर त्याचे जे कमीअधिक शोषण होते त्यावरून नाडी मोजते, माणूस तोल जाऊन पडला तर ओळखते, आणि ही सारी खबर समुद्रापार पोचविते. असले साधन वृद्ध माणसाने अंगावर बाळगावे की नाही, यावर आमचा जो वाद झाला तो मी येथे लिहून ठेवीत आहे. कारण तो घड्याळापाशी थांबला नाही.

मी म्हणालो, “अक्का, पूर्वी मुलगी रोज फोनवर विचारीत असे, झोप लागली का. आता ती विचारीत नाही, कारण तुम्ही किती वाजता झोपलात आणि किती वेळा जाग आली हे तिला आधीच ठाऊक असते. विचारणे आणि सांगणे यांनी जो संबंध जिवंत राहतो, त्याची गरजच या यंत्राने संपविली.”

“आता ती मला दुसरे काही विचारते,” अक्का म्हणाल्या. “काय वाचलेस, कोणाचे गाणे ऐकलेस. इतकी वर्षे आमचे निम्मे बोलणे माझ्या झोपेवर आणि पोटावर खर्च होत होते.”

मी माघार घेतली नाही. माझे म्हणणे असे की, ज्याची काळजी घ्यायची त्याचा थोडा उपद्रव सोसावा लागतो, आणि हा सोसलेला उपद्रव हाच शेजारधर्माचा पाया असतो. सकाळी दाराशी रांगोळी दिसली नाही तर फुलवाली हाक मारते, दुधाची पिशवी उचलली गेली नाही तर वरच्या मजल्यावरची सून खाली येते. ही माणसे अंदाजाने जगतात, त्यांचे अंदाज चुकतात, आणि त्या चुकांतूनच ती एकमेकांच्या घरात जाऊ लागतात. बिनचूक यंत्र आले की कोणी कोणाच्या दारात जाण्याचे कारण उरत नाही.

अक्कांनी प्रथम उत्तर दिले ते परिचारिकेचे. “हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते तेव्हा पुष्कळांना काहीच दुखत नाही. तशीच रक्ताची गुठळी होते, मेंदूत जाते, आणि हसती बोलती बाई अर्धांगाने पडते. अशा बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. त्यांच्या शेजारणी प्रेमळ होत्या. शेजारीण चेहरा पाहते. लय तिला दिसत नाही. या घड्याळाला ती दिसू शकते. इस्पितळात बारा वाटांनी काढतात तो हृदयाचा आलेख हे एकाच वाटेने काढते, आणि हृदयविकाराचा झटका त्याला ओळखता येत नाही, हे मला माहीत आहे. मी त्याला धन्वंतरी मानीत नाही.”

मग त्या काही वेळ गप्प राहिल्या, आणि पुढे जे बोलल्या त्यापाशी आमचा वाद अडला.

“तू उपद्रव म्हणतोस. तो कोणाच्या वाट्याला येतो? वरच्या मजल्यावरची सून खाली येते, मुलगा येत नाही. फुलवाली मला हाक मारते. तिच्या दारात रांगोळी दिसली नाही तर तुझ्या पेठेतले कोण जाते? या घरांच्या मागच्या बाजूने ती अरुंद बोळे आहेत ना, ती आखली तेव्हा कशासाठी ठेवली होती? मैला उचलणारी माणसे पुढच्या रस्त्याने येऊ नयेत म्हणून. ज्या शेजाराचे तू गुण गातोस, त्याचा नकाशा काढतानाच कोणाचे तोंड दिसू नये हे ठरलेले होते.”

मी म्हणालो, तो दोष जातीचा आहे, शेजारधर्माचा नव्हे. अक्का म्हणाल्या, मला एक वेगळा करून दाखव. मी म्हणालो, दोष होता म्हणून ती गोष्टच टाकायची नसते, ती रुंदावायची असते. त्यावर त्यांनी विचारले, रुंदावण्याचा उपद्रव कोणी सोसायचा. पुन्हा फुलवालीनेच का? या प्रश्नाभोवती आम्ही कितीतरी वेळ फिरत राहिलो. मी वारंवार पहिल्या सिद्धांताकडे परतत होतो, त्या वारंवार एका विशिष्ट बाईकडे बोट दाखवीत होत्या, आणि सिद्धांताला बाईचे उत्तर देता येईना हे मला दिसत होते.

“आणि बघणे म्हणजे नेहमी काळजीच असते असे नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “मी रात्रपाळी करून सकाळी घरी येत असे, तेव्हा या रस्त्यावरच्या खिडक्यांतून जी नजर असे ती कसली होती हे तुला बाई झाल्याशिवाय कळायचे नाही. हे घड्याळ माझी पावले मोजते, पण मी कोणाबरोबर चालले हे विचारीत नाही.”

मी इतिहासाचा आधार घेऊ पाहिला. 1898 साली बंगळूरवर प्लेग आला तेव्हा म्हैसूर संस्थानचे प्लेग कमिशनर व्ही. पी. माधवराव होते, कुंभकोणमकडील मराठी घराण्यातले, पुढे संस्थानचे दिवाण झालेले. त्या धामधुमीत बंदोबस्ताची कामे जुळविण्यासाठी शहरात टेलिफोनच्या तारा टाकण्यात आल्या. “पाहा,” मी म्हणालो, “यंत्र तेव्हाही आरोग्यासाठीच आले, पण तारेच्या दोन्ही टोकांना जबाबदार माणसे होती, सरकार होते, दप्तर होते. तुमच्या मनगटावरची नोंद कोणाच्या दप्तरी जमा होते, ती पुढे कोण वाचतो, हे तुम्हालाही ठाऊक नाही, मुलीलाही नाही.”

हा एक मुद्दा अक्कांनी मान्य केला. त्याचे आपल्यापाशी उत्तर नाही असे त्या स्पष्ट म्हणाल्या. पण लगेच त्यांनी मला दुसऱ्या बाजूने गाठले. “प्लेगात शेजाऱ्यांनी काय केले हे तू का सांगत नाहीस? आजारी माणूस घरात आहे हे लोक लपवीत, कळले की शेजारी पळत. म्हणून तर सरकारला यावे लागले. शेजार आपोआप असतो असे तू धरून चालतोस. या पेठेत तो कोणी केला ते आठव. बालपणीच वैधव्य आलेल्या आर. कल्याणम्मांनी ‘सरस्वती’ मासिक चालविले, आणि 1938 साली मक्कळ कूट स्थापन करून परक्यांच्या मुलांना एकत्र खेळायला, गायला जागा दिली. त्यांना कोणी आयता शेजार दिला नव्हता. जो मिळाला असेल तो विधवेला कसा वागवीत असेल याची कल्पना कर.”

“अक्का, हे तर माझेच म्हणणे झाले! कल्याणम्मांनी घरी बसून मुलांची मोजदाद केली नाही. त्या मुलांत गेल्या.”

“गेल्या, कारण पायांत बळ होते,” अक्का म्हणाल्या, आणि संभाषण एकाएकी गाण्यावर आले.

एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी 1939 साली या पेठेत सुरू केलेला रामनवमीचा संगीतोत्सव अक्कांच्या आयुष्याचा मोठा आनंद आहे. फोर्ट हायस्कूलच्या पटांगणावरील मांडवात, पानक आणि कोसंबरीच्या वासात, रात्र चढेपर्यंत बसून गाणे ऐकणे हा त्यांचा छंद. पण आता गुडघ्यांमुळे त्या घरीच पडद्यावर गाणी ऐकतात. मला वाटले येथे तरी माझी बाजू भक्कम आहे. मांडवात आपण नुसते गाणे ऐकत नाही. शेजारच्या अनोळखी माणसाचा हात मांडीवर ताल धरताना पाहतो, त्याची आणि आपली सम एकदम पडते, आणि त्या क्षणापुरते आपण एका समाजाचे असतो. पडद्यासमोर ही सम एकट्याने गाठावी लागते.

“खरे आहे,” अक्का म्हणाल्या. “पण घरी मला गाणे अधिक चांगले ऐकू येते. मांडवात बाहेरच्या वाहतुकीचा गोंगाट असतो. मी गाण्यासाठी जात होते की माणसांसाठी, हे मलाच आता कळेनासे झाले आहे. तू म्हणतोस माणसांसाठी जा. मी गाणे सोडून माणसांकडे जाऊ, तर मग इतकी वर्षे मी काय ऐकत होते?”

मला अजूनही वाटते की त्यांनी मांडवात गेले पाहिजे, घड्याळ बांधून का होईना. त्यांचे म्हणणे, जायचे तर एका शर्तीवर: घड्याळाने पडल्याची वर्दी दिली तर ती मेलबर्नच्या आधी चामराजपेटेत कोणाला जावी, हे ठरले पाहिजे. त्यांनी माझे नाव घातले. दुसरे नाव फुलवालीचे घालावे असे मी सुचविले. अक्का म्हणाल्या, “आधी तिला विचार. आणि विचारशील तेव्हा तिच्या घरी कोण पडले तर वर्दी तुला यावी का, हेही विचार.” फुलवालीकडे मी अद्याप गेलेलो नाही, तिचे घर नेमके कोठे आहे याचीच चौकशी मी सध्या करीत आहे.